दोघांचं विरजण

आई, याही वेळी तू त्याचीच बाजू घेशील, माहीत आहे मला. दह्यावरची साय धाकट्याला आणि खालचं आंबट पाणी मला, हे तुझं ठरलेलं. "तो लहान आहे रे." आता तो दोन पोरांचा बाप आहे, आणि माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी आमच्याकडे काही नाही. तू गेल्यानंतरचं हे सगळं, म्हणून सांगतो.

मी इथे, घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, पारादीपला पाइप जोडतो. बायको तरसालीला, त्याच्याच घरात वरच्या खोलीत. तिला दांडिया बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला कोण? तोच, स्कूटरवर. बाईंनी त्यालाच नवरा समजून विचारलं, "तमे ज वर ने?" हा खिदळला, "ना बेन, हूं तो दियर!" फोनवर मला हसत हसत सांगतोय. त्या दिवशी माझा एकही जोड सरळ आला नाही.

बाई हिला म्हणाल्या, दह्यात असतात तसलेच चांगले जंतू बाईच्या आतल्या वाटेतही असतात; तुझे कमी पडलेत, दिवस न राहण्याचं हेही एक कारण असू शकतं. झालं! त्याची बायको हिला रोज वाटीभर दही चारायला लागली. तुझ्याच विरजणाचं. तेही त्याच्याच घरात राहिलंय, बघ. पुढच्या खेपेला बाई हसल्या. "खाल्लेलं दही पोटात जातं गं, तिथे नाही. औषध घे, आणि नवऱ्याला आण. त्याचे जंतू तुझ्यात येतात, तुझे त्याच्यात. एकटीचं बरं केलं तर पुन्हा तेच व्हायचं."

"मला काय झालंय?" मी फोनवर ओरडलो. "धाकट्याची पोरं बघ, आमच्या रक्तात खोट नाही!"

ती म्हणाली, "अहो, भावोजींचं नि माझं विरजण एक नाही. तुमचं-माझं आहे. आणि तुम्ही बसलात तिकडे."

आई, पोरं अजून कुठे आहेत, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू. यात त्याचा वाटाच नाही. तू असतीस तरी त्याला देऊ शकली नसतीस.

हे पत्र टाकणार कुठे, खिशातच राहील. तपासणीला येतोय हे फक्त हिला माहीत आहे. त्याला सांगितलं तर स्टेशनवर स्कूटर घेऊन तोच उभा असेल, आणि मला पाहून खरोखर खूश होईल, तेच मला सोसत नाही. पैसे पोचले की कळेल त्याला. दर महिन्याला घरखर्चाचे बारा हजार त्याच्याकडेच पाठवतो; तिकीट काढून या महिन्यात नऊ हजार तीनशे.