दोन गावांचे दोन कागद

१५ जुलै, मंगळवार
काल बेळगावहून निपाणीला घरी आले. ऑपरेशनला आज आठवडा. पोट बहुतेक कापून काढलं, उरलंय ते केळ्याएवढं. डॉक्टर बोटांनी दाखवत होते. वजन ११२ होतं, आज १०७. पाच किलो कुठून गेले कळत नाही, आरशात मी तीच.
खाण्याचा कागद कन्नडमध्ये. मला वाचता येतो, ह्यांना धड येत नाही. पहिला आठवडा नुसतं गाळलेलं. दुसऱ्यापासून नाचणीची अंबील, साबुदाण्याची पातळ पेज. पाचव्यापासून मऊ भात. फ्रीजवर चिकटवला.
सासूबाई: "एवढ्याशा पाण्यावर माणूस जगतंय व्हय?"
ह्यांना ऑपरेशन नकोच होतं, मीच हट्टाला पेटले. गुडघे. शाळेचा जिना चढताना चौथीची पोरं माझ्यामागे दाटीवाटीने थांबायची, एकही पुढे जायचं नाही. हसायची नाहीत, तेच जास्त लागायचं.

२२ जुलै, मंगळवार
टाके दाखवायला कोल्हापूर. बेळगावपेक्षा जवळ पडतं म्हणून. तिथली आहारवाली, कोवळी पोरगी. बेळगावचा कागद तिला वाचून दाखवला तर कपाळाला हात लावला. "अंबील? दुसऱ्याच आठवड्यात? कुणी सांगितलं तुम्हाला?"
तिचा कागद मराठीत. चार आठवडे फक्त गाळलेलं, मग दोन आठवडे मिक्सरमधलं. भात आणि साबुदाणा तीन महिने बघायचाही नाही.
आठवडाभर मी वाटीभर अंबील चवीने पीत होते. काही झालं नव्हतं. आता नुसतं ऐकून पोटात दुखायला लागलं.

२४ जुलै, गुरुवार
बेळगावला फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, कोल्हापूरला का गेलात? मग "अल्ले केळ्री". तिथंच विचारा! कोल्हापूरला केला, तर ती पोरगी: "ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचंच ऐका मॅडम. पण अंबील नको."
सीमाप्रश्न इतकी वर्षं रस्त्यावर होता, आता माझ्या पोटात आलाय.
हे पेन्सिल घेऊन बसले. बेळगावचा मी वाचून दाखवला. दोन्ही कागदांत जे चालतं तेवढंच उतरवलं. ताक, मुगाचं पाणी, शहाळं. संपलं. हा तिसरा कागद. तोही फ्रीजवर. पण माझ्यासाठी एवढं बसून केलं त्यांनी. बरं वाटलं, लिहून ठेवते.

५ ऑगस्ट, मंगळवार
वजन ९९. लग्नानंतर पहिल्यांदा दोन आकडे. आनंद व्हायला हवा.
ताकाचा वास आला तरी मळमळतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
अंगारकी. बावीस वर्षांत एकही मोडली नाही. सासूबाईंनी दुपारी शाबूची खिचडी केली. मी नको म्हटलं.
"अगं, उपासाचं हाय. उपासाचं कवा जड असतंय व्हय? आजारी माणसाला हेच देत्यात."
लहानपणापासून हेच ऐकलंय, उपासाचं म्हणजे हलकं. तरी फ्रीजपाशी जाऊन उभी राहिले. कोल्हापूर: तीन महिने नाही. बेळगाव: साबुदाणा दुसऱ्या आठवड्यापासून. मला तर पाच पुरे झाले. मग बेळगावचा खरा धरला. पेज आणि खिचडी यातला फरक मला कळत नव्हता असं नाही.
चार चमचे. तूप, मिरची, दाण्याचं कूट. पहिल्या घासाला रडूच आलं. चौथ्यानंतर छातीत धोंडा बसल्यासारखं, आणि तो अजून

१४ ऑगस्ट, गुरुवार
परवापासून पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. इथल्याच दवाखान्यात सलाईन. हे खुर्चीवर बसून, माझ्याकडे न बघता: "आमी म्हणलं न्हवतं?"
म्हटलं होतं.
भेटायला येणाऱ्याला सासूबाई सांगतायत, ऑपरेशनवाल्यांनी वाटोळं केलं. खिचडीचं नाव नाही. मीही काढलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
बेळगाव. दुर्बीण घातली. पोटाची वाट एका जागी आवळलीय. आत फुगा घालून ताणली.
डॉक्टरांना विचारलं, खिचडीनं झालं का? "होतं असं कुणाकुणाला." म्हणजे हो की नाही? आहाराच्या बाई: "आमच्या कागदात पेज लिहिलीय. खिचडी कुठाय दाखवा." बरोबर. कोल्हापूरची पोरगी फोनवर: "मी सांगितलं होतं मॅडम." तेही बरोबर. सगळे बरोबर, चुकले ती मी एकटी.

१ सप्टेंबर, सोमवार
गौरीजेवण. पुरण मीच वाटलं. कटाच्या आमटीचं मीठ जावेकडून चाखवून घेतलं. फुगा घातल्यावर चारच दिवस बरे गेले, परत वाटीभर पाण्याला अर्धा तास लागतो.
पंगतीतल्या बायका: "लई झ्याक दिसालीस गं! काय खातीस ते तरी सांग की!"
काहीच खात नाही म्हटलं. सगळ्या हसल्या.
माझं पान मांडलं नव्हतं. फक्त ह्यांनी एकदा रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि भात कालवायला लागले. त्या क्षणी पाठच्या दारी जाऊन रडले. भुकेनं नाही. भूक तर मेलीय कधीच.

९ सप्टेंबर, मंगळवार
दुसरा फुगा. तिसऱ्यानेही नाही उघडलं तर परत ऑपरेशन, असं डॉक्टर ह्यांना सांगत होते. मी समोरच बसले होते.
वजन ८६. केस मुठीने येतात. ऑपरेशन झाल्यावर खाण्याचा कागद परत नवा देतील. हसू आलं आणि थांबेना.

१५ सप्टेंबर, सोमवार
रजा वाढवायचा अर्ज घेऊन शाळेत. जिना न थांबता चढले, एका दमात. वर पोचले आणि डोळ्यांपुढे अंधारी. शेवटच्या पायरीवर बसून राहिले. पोरं बाजूने भराभरा वर निघून गेली, आता थांबायचं कारण नव्हतं. हेच हवं होतं ना मला? मग आनंद का नाही?

२० सप्टेंबर, शनिवार
पाटीलबाई आल्या, तिसरीच्या वर्गावरच्या. माझ्या आधीच्या वजनाच्याच. त्यांचीही तारीख ठरलीय, दसऱ्यानंतर, बेळगावलाच.
"तुमच्याकडं बघूनच ठरवलं बघा. परवा जिना कसा चढलासा! घरात आता कोण न्हाय म्हणत न्हाई."
मी सांगितलं. उलट्या, फुगा, मंगळवारी तिसरा आहे तेही. त्यांनी माझा हात हातात घेऊन मनगट चाचपलं. "व्हतंय की वो थोडं. पर बारीक झालासा की न्हाई?" डोळ्यांत कौतुक. मी जिन्यात उभी असताना पुढे जाणाऱ्या बारीक बायकांकडे असंच बघायची.
त्यांना माझा खाण्याचा कागद हवाय, झेरॉक्स काढायला. सोमवारी शाळेआधी येऊन नेतो म्हणाल्या.

२१ सप्टेंबर, रविवार
तिन्ही कागद फ्रीजवरून काढले. चिकटपट्टी ओढताना बेळगावच्या कागदाचा कोपरा फाटला.
हे म्हणाले, "तिन्ही दे की. बघतील त्या."
मीही बघितलंच होतं की.
करू नका म्हणावं, तर म्हणतील स्वतः बारीक झाली आणि आम्हाला अडवते. आणि करा म्हणायला तोंड उघडत नाही. सासूबाई आतून विचारतायत, पाटीलबाई उद्या येणार तर त्यांना फराळाला काय करू?
सकाळपासून पाऊण वाटी पाणी गेलंय. कागद अजून टेबलावरच आहेत.