मागच्या गाडीने

लिस्बन, ९ नोव्हेंबर १९९७

प्रिय ऑर्लांदो,

तुझं पत्र, आईची औषधं आणि पोरींचे फोटो मिळाले. टोरांटोत थंडी पडली असेल, कान जपतोस ना? इकडे आम्ही बऱ्या आहोत. आईचा खोकला गेला. सूप मागून घेते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "या वेळी बाई चांगली मिळाली कामाला."

शेजारच्या झुल्मिराने तुला फोनवर सांगितलंच, मंगळवारी आई माझ्या हातून सुटली आणि एकटीच अठ्ठावीस नंबरच्या ट्रामने गेली. मीही सगळ्यांना तेच सांगते.

ती सुटली नाही रे. मी पाव घेऊन दुकानाबाहेर आले तेव्हा ती ट्रामच्या खिडकीशी बसली होती, घरातल्या सपाता घालून. गाडी थांब्यावरच होती. चालवायला आपला फिर्मिनो. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही. गाडी वळणाआड गेली आणि मी समोरच्या कॅफेत जाऊन बसले. चार वर्षांत पहिल्यांदा कॉफी गरम असताना प्यायले. दुसरीही मागवली. ती परत आलीच नाही तर, असं मनात आलं, आणि मी ते मनातून घालवलं नाही.

दीड तासाने फिर्मिनोने तिला उतरवलं. "घ्या तुमच्या गाइडबाई! माझी नोकरी खायला निघाल्या होत्या." आईने तीन परदेशी पाहुण्यांना अख्खं शहर दाखवलं होतं, तेही पोर्तुगीजमध्ये. 'इथे माझं लग्न झालं, या बागेत माझी पोरं चालायला शिकली.' त्यांना अक्षर कळत नव्हतं, तरी बिचारे माना डोलवत होते.

फिर्मिनो हसत म्हणाला, "आणि प्रत्येक चढाला मला दटावायच्या. 'सावकाश घे रे बाबा, माझी मुलगी मागच्या गाडीने येतेय. फार दमते ती.'"

मी पावाची पिशवी घट्ट धरून उभी राहिले.

नन्सच्या वृद्धाश्रमात जानेवारीत जागा होतेय. तुला न विचारता मी होकार कळवला होता. बुधवारी जाऊन तो मागे घेतला. पण पुन्हा ती गाडीत चढली तर मी हाक मारीनच, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

फोटो नकोत, औषधं नकोत. तू ये. महिनाभर तरी ये.

झुल्मिराला यातलं काही कळू देऊ नकोस. तुला लिहिलं, कारण आई तुझीही आहे.

तुझी मोठी बहीण,
इदालिना