गव्हाळ

अंधेरी, ११ फेब्रुवारी १९५७

ती. अण्णांना माणिकचा नमस्कार.

मामांकडे माझं छान चाललंय. खोकला गेला. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या कॉलेजात आफ्रिकेहून काही मुलं शिकायला आली आहेत. ती दारात दिसली की इथले लोक 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटीच उतरवतात. म्हणून आम्ही मैत्रिणी दर रविवारी घरोघर पत्रकं वाटतो: माणसाचा रंग पाहून दार लावू नका. मामी बरोबर असते, काळजी नको.

काल एका घरमालकीणबाईंनी पत्रक वाचलं, मला न्याहाळलं आणि विचारलं, "तुझं लग्न जमवतायत ना? मुलाकडच्यांना रंग काय कळवलाय गं?"

"गव्हाळ," मी म्हटलं. बाई नुसत्या हसल्या.

अण्णा, तुम्ही मायेपोटीच तसं लिहिलंत, हे मला कळतं. पण चिपळूणच्या मंडळींना आजच दुसरं पत्र टाका आणि मुलगी काळी आहे असं स्पष्ट लिहा. सावळीसुद्धा नको. नकार आला तर येऊ दे, आईला मी समजावीन.

पुढच्या रविवारी मला त्याच बाईंच्या दारात पुन्हा उभं राहायचं आहे.

तुमची
माणिक