देव उजव्या हाताला

अमरावती,
मंगळवार, ३० सप्टेंबर

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बग्गी उलटली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ते चूक आहे. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नितेशच्या बहिणीनं, आरतीनं, त्याच्या जरा आधी काढलेल्या फोटोवर दोन अडतीस आहे, तो मी काल पाहिला. शिवाय तिथल्या शेंदराच्या दगडावर कडुनिंब आहे असं लिहिलं होतं, तो मोह आहे. आणखी एक चूक आहे, पण ती अशी एका ओळीत दुरुस्त होणारी नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

हे पत्र उजव्या हातानं लिहिते आहे. शनिवारी प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय आणि अक्षर अजून तिरकं येतं, पण दुखत नाही. मागचं पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं, जेमतेम पाऊण पान. तुझं उत्तर आलं, 'तुटक असलं तरी चालेल, हाताला ताण देऊ नकोस.' ते तुटक होतं याचं कारण फक्त हात नव्हता.

तुला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण त्याच्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. पोळ्यानंतरच्या रविवारी नितेशनं सहल ठरवली ती तुझ्यासाठी. परतवाड्याच्या पुढं धरणाखाली नदीत राफ्टिंग, मग जेवण, मग माळावर बग्गी चालवणं. नवशिक्यांसाठी एका दिवसाचं सगळं. तुझी ऐनवेळी शाळेच्या प्रशिक्षणाला ड्यूटी लागली. सहल रद्दच व्हायची होती, पण बाबा म्हणाले, "जुईला जाऊ दे. ती जे पाहील तेच येऊन सांगेल." आधी बग्गी म्हणजे त्यांना वरातीतली घोड्यांची बग्गी वाटली होती. "लग्नाच्या आधीच बग्गीत कशाला बसायचं?" असं त्यांनी गंभीरपणे विचारलं आणि आई ओट्याशी तोंडाला पदर लावून हसली. मी त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं. लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि चार जाड चाकं. बघून म्हणाले, "याला बग्गी म्हणणाऱ्यानं बग्गी पाहिलेली नाही."

तेव्हा बाबा तुझ्या आणि नितेशच्या लग्नाला जवळजवळ तयार होते. आपण भिक्षुकाचं घर, ते चांदूर बाजारचे शेतीवाले, हे त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मला निघताना म्हणाले, "मुलगा जबाबदार आहे की नाही, एवढंच पाहून ये. बाकीचं मी पाहणार नाही." मी पर्समध्ये छोटी वही घेतली होती. तुला हसू येईल, पण मी खरंच टिपणं केली.

ती वही आता समोर आहे. सकाळी सव्वासात, नितेश गाडी घेऊन पंचवटी चौकात माझ्याआधी हजर. सोबत त्याची बहीण आरती. रस्त्यात एकदाही मोबाइल घेतला नाही. नदीवर पोचल्यावर आधी आरतीच्या आणि माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, मग स्वतःचं घातलं. राफ्टमध्ये सहा जण होतो. मागं बसलेल्या गाइड मुलीनं आम्हाला चार हुकूम शिकवले : पुढं, मागं, थांबा, आत बसा. "लेफ्ट साइड मागं" म्हटलं की फक्त डावीकडच्यांनी वल्हं उलटं मारायचं. मी उजवीकडं होते आणि दोनदा मारलं. राफ्ट जागच्या जागी गरगर फिरली. गाइड ओरडली, "उजव्या बाजूच्या ताई, तुमी कोणाचं ऐकून राहिल्या?" नितेश म्हणाला, "त्या नदीचं ऐकून राहिल्या," आणि सगळे हसले. मीही हसले. पाणी कमरेहून थोडंच वर होतं, पण खडकांपाशी ते पांढरं होऊन उसळायचं. दीड तासात आम्ही तीन ठिकाणी उसळलो, एकदा आरती पाण्यात पडली आणि नितेशनं तिला जॅकेटच्या खांद्याला धरून ओढून घेतलं, गाइडनं शिकवलं होतं अगदी तसं. वहीत लिहिलंय : 'घाबरला नाही. रागावलाही नाही.'

जेवण झाल्यावर बग्गी. तो माळ म्हणजे धरणाचा गाळ टाकून भरलेला पडीक तुकडा आहे, त्यात वळणावळणाची वाट आखलेली. ती दाखवणारे पुंजाजी म्हणून साठीचे गृहस्थ, चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. त्यांनी आम्हाला हेल्मेट दिलं, बेल्ट लावून दिले आणि वाटेवर चालत नेलं. मधोमध मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. तिथं थांबून म्हणाले, "हा देव डाव्या हाताले ठेवायचा. याच्या उजव्या अंगानं मुरूम टाकला आहे. दुसऱ्या अंगानं नुसती काळी माती. वरून वाळली दिसते, आतून लोणी." मी बहुतेक काहीतरी चेहरा केला असेल, कारण ते माझ्याकडंच बघून पुढं म्हणाले, "बाई, डाव्या हाताले ठेवला म्हून देव रागावत नाई. पण गाऱ्या-चिखलात गेलं त गारा सोडत नाई."

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

ताई, मी दम्यामुळे चौथीपर्यंत घरीच शिकले. तू शाळेत जायचीस आणि मी बाबांजवळ. डावं-उजवं मला पाटीवर शिकवलेलं नाही, देवाभोवती फिरवून शिकवलं आहे. देव ज्या हाताला येतो तो उजवा. दुसऱ्या बाजूनं फिरले की बाबा काही न बोलता खांद्याला धरून मला पुन्हा पहिल्या जागी आणून उभं करायचे. आजही रस्त्यात मारुतीचं देऊळ आलं की मी पलीकडून जाते, हे तुला माहीत आहे. तू त्यावरून मला चिडवतेस.

पहिली फेरी नितेशनं आरतीला घेऊन मारली. अगदी सावकाश. उतरताना ती म्हणाली, "काहून इतकी हळू चालवून राहिला दादा? बंडी हाकून राहिला का?" दगड डावीकडं ठेवून तो नीट मुरमावरून गेला होता, मी पाहिलं. मग मी बसले. तो उजवीकडं स्टेअरिंगवर, मी डावीकडं. म्हणाला, "तुमी वाट सांगा, मी चालवतो. म्हंजे तुमालेही काहीतरी काम." इंजिनाचा आवाज इतका होता की ओरडूनच बोलावं लागत होतं. मी दोन वळणं बरोबर सांगितली. मग मोह दिसला, दगड दिसला, आणि गाडी त्याला डाव्या हाताला घालून जायला लागली.

मी ओरडले, "उजव्या हाताला! देव उजव्या हाताला!" नुसती ओरडले नाही, उजवा हात त्याच्यासमोरून लांब करून देव कुठल्या बाजूला यायला हवा तेही दाखवलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. त्याला माहीत होतं असं मला वाटतं. अकोल्याला रोज माती परीक्षण करणारा माणूस, काळी माती त्याला शिकवायला नको. पण शेजारी बसलेलं माणूस घाबरून ओरडतंय म्हणजे त्याला आपल्याला न दिसलेलं काहीतरी दिसलं, असं समजून त्यानं गाडी डावीकडं घेतली. डावी चाकं खचली आणि गाडी हळूच, अगदी आधी सांगून ठेवल्यासारखी, माझ्या बाजूला कलंडली. वेग काहीच नव्हता. बेल्टमुळं मी जागेवर राहिले. फक्त लांब केलेला उजवा हात समोरच्या लोखंडी नळीत अडकला.

परतवाड्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "पडल्या डाव्या बाजूला, आणि मोडला उजवा हात? हे कसं काय?" हा प्रश्न त्यांच्याशिवाय आजवर कुणी विचारलेला नाही. मी तोंड उघडलं होतं. नितेश आधी म्हणाला, "हात बारमंदी अडकला." तेही खरंच आहे. बाहेर बाकावर मी त्याला म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, "स्टेअरिंग कोणाच्या हातात होतं? माह्या. मंग झालं तर. तुमी आता हाताकडं पाहा." मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गाडी चुकीच्या बाजूला वळली." त्यांनी विचारलं, "चालवत कोण होतं?" मी म्हटलं, "नितेश." दोन्ही वाक्यांत खोटं काही नाही. क्रियापदाला 'कोण' विचारलं की कर्ता सापडतो, हे मला बाबांनीच शिकवलं. वळली, वळणारी कोण? गाडी. व्याकरणात चूक काढता येणार नाही. ते वाक्य मी परतवाड्याहून येताना गाडीत बसून तयार केलं होतं. तुला पाठवलेल्या पत्रातही तेच आहे, शब्द न शब्द. दोन्हीकडं एकच राहावं म्हणून मी ते पाठ ठेवलं होतं.

बाबांनी माझ्या प्लास्टरकडं पाहिलं. मग म्हणाले, "मातीची परीक्षा करणाऱ्याला चिखल ओळखू येत नाही? आणि शेजारी दुसऱ्याची मुलगी बसवलेली." नितेश दुसऱ्या दिवशी भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला, आणि आपलं जमणार नाही असंही तिथंच सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे काका. चूक माहीच झाली." मी आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं. चार पावलांवर.

तू उत्तरात लिहिलंस, 'मी त्याला विचारलं. तोही म्हणतो माझ्याच हातून झालं. आणि तू तिथं होतीस, तू खोटं लिहिणार नाहीस. मग मी बाबांशी कशाच्या जोरावर भांडू?' हे मी खूपदा वाचलं आहे. तू भांडली असतीस हे मला माहीत आहे. तुझ्या हातातली वस्तू मी काढून घेतली आणि तुला वाटलं ती तिथं नव्हतीच.

त्यानंतर रोज एक कारण होतं. आधी गणपती, बाबा दिवसाला सहा-सहा घरी जात होते. मग पितृपक्ष, मग नवरात्राचे पाठ. कारणं खरी होती. मी तपासून पाहिली. पण गेल्या सोमवारी आई रव्याचे लाडू की करंज्या असं विचारायला लागली तेव्हा मला कळलं की वाशीमची मंडळी तुला बघायला येणार आहेत, पाच तारखेला, रविवारी, आणि तू हो म्हटलं आहेस. आई तुझ्याबद्दल म्हणाली, "अवनीनं काही विचारलंसुद्धा नाही. मुलाचं नावही नाही." बाबा म्हणाले, "समजूतदार आहे." मी लाडू म्हटलं आणि उठून आले.

शनिवारी प्लास्टर कापताना डॉक्टर म्हणाले, "झालं, आता सगळं करू शकता." घरी येऊन मी आधी नवी वही घेतली आणि बाबांना सांगायचं वाक्य लिहिलं : 'मी चुकीची बाजू सांगितली, म्हणून नितेशनं गाडी वळवली.' यातला कर्ता कुठंही शोधा, सापडतो. बाबा काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित देवाला डावं न घालण्याबद्दल मला शाबासकी देतील आणि मग त्या चुकीत त्यांच्या शिकवणीचाही भाग होता हे त्यांच्या लक्षात येईल. मला त्याचीच भीती जास्त आहे. चार वर्षं त्यांनी मला खांद्याला धरून पुन्हा उभं केलं, या वेळी मला त्यांना उभं करावं लागेल.

नितेशशी लग्न कर असं मी म्हणत नाही. ते तुझं आहे. वाशीमचा मुलगा चांगला असेलही. पण माझ्या एका वाक्यावरून ठरवू नकोस. वहीतली पानं सोबत जोडते आहे. त्यात नितेशबद्दल सव्वीस नोंदी आहेत, वाईट एकही नाही. मी शोधली होती.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच म्हणाली असतीस, 'जाऊ दे जुई, राहू दे,' आणि मी राहू दिलं असतं. म्हणून लिहिलं. पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टानं टाकते. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी, म्हणजे शुक्रवारी तुझ्या शाळेत पोचेल. एकदा ते तुझ्या हातात पडलं की मला मागं फिरता येणार नाही, आणि मला तेच हवं आहे. शुक्रवारी बाबा शांतीच्या पूजेसाठी नांदगाव खंडेश्वरला आहेत, रात्री उशिरा येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ते चहाला बसतात, साधारण साडेआठला, तेव्हा घरात आम्ही तिघंच असू. तेव्हा सांगणार आहे. शनिवारी, ४ ऑक्टोबरला.

तुझीच, आणि या वेळी उजव्या हातानं,
जुईली