धक्क्यावरची बाई नीट येईपर्यंत

४ मार्च

पुन्हा तेच! परदेशातल्या त्या डिस्क काढणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं — ‘आपल्या सूचनेबद्दल आभार.’ सूचना? आक्रोश होता तो, चार पानी! ‘धक्क्यावरची बाई’ या जुन्या चित्रपटाची धड डिस्क जगात कुठेही मिळू नये, हे सुधारलेल्या जगाला शोभतं का, असा सरळ सवाल केला होता. (मूळ नाव उच्चारताना आमची बोबडी वळते, म्हणून घरात हेच नाव.)

आईने विचारलं, "आली का रे ती बाई?" लग्न झाल्या झाल्या बाबांबरोबर थिएटरात पाहिला होता तिने, एकदाच. शेवटी ती बाई धक्क्यावर उभी राहून बोटीकडे बघते आणि हसते म्हणे. बाबा गेल्यापासून ते हसू पुन्हा एकदा बघायचंय, असं आईचं चाललंय. दाखवणारच! पण नीट दाखवणार.

१९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आईला नेलं. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय. आधी मधलं दिसेनासं होईल — चेहरे, अक्षरं. मग हळूहळू बाकीचं. यावर औषध नाही. "जे बघायचंय ते बघून घ्या आजी," असं म्हणाल्या.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी येऊन कंपनीला लगेच दुसरं पत्र लिहिलं. या वेळी वैद्यकीय कारण जोडलं.

२० मार्च

बायकोने फोनवर कुठून तरी तो चित्रपट शोधून काढला! फुकट! मी डोकावलो — चित्र दोन्ही बाजूंनी छाटलेलं, अंधार म्हणजे नुसता चिखल, आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा, आणि कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचा शिक्का. फोन हातातून काढूनच घेतला. म्हटलं, "आई, हा बघायचा नाही. हा त्या बाईचा अपमान आहे."

"बरं," आई म्हणाली.

"अहो, त्या बाईला काय कळणार आहे? गेलीसुद्धा असेल बिचारी!" — इति बायको. गाढवाला गुळाची चव काय! (हे फक्त इथेच लिहितोय.)

११ एप्रिल

दाणेवाला आला होता. जुन्या फिल्मवरचे दाणे डिस्कवर टिकलेत की पुसलेत, हे टीव्हीला नाक लावून बघतो, म्हणून दाणेवाला. आमचं रसिक मंडळ दोघांचंच, तरी त्यात दोन गट आहेत. त्याला दाणे हवेत. मलाही हवेत, पण बेताचे. आवाज चढले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि कपाटाकडे बोट करून म्हणाली, "यातले बघितलेत किती?"

काय पण प्रश्न! बहुतेक डिस्कचं वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, कारण त्याच चित्रपटाची याहून सरस आवृत्ती निघणार असते. मग घाई कशाला? आणि ज्यांची सरस आवृत्तीच नाही ते बघायचे कसे? ‘धक्क्यावरची बाई’ मीही पाहिलेला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

बायको हसत सुटली. दाणेवालाही हसला. त्याने तरी कुठे पाहिलाय!

२ जून

जाहीर झाली!! मूळ निगेटिव्हवरून, जाड पुस्तिकेसह, पुठ्ठ्याच्या पेटीत! दिवाणखान्यात मी अक्षरशः नाचलो. आईने टाळ्या वाजवल्या. "कधी?" म्हणाली. सप्टेंबरात. "मग लवकरच की."

१७ ऑगस्ट

पुढे ढकलली. आवाजात एके ठिकाणी करकर येते म्हणे. स्तुत्य निर्णय! अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. कंपनीला अभिनंदनाचं पत्र धाडलं.

दाणेवाला आला तर आई त्यालाच म्हणाली, "ओला टॉवेल पलंगावरून उचल आधी." तो म्हणजे मीच, असं समजली! खूप हसलो सगळे. बायको तेवढी हसली नाही.

३० सप्टेंबर

ऑफिसातून लवकर आलो तर बायको आईपाशी फोन घेऊन! "आई, लावू का? ते नाहीयेत घरात." मी दाराआड उभा राहिलो. आणि आई काय म्हणाली?

"नको गं. एवढा जीव टाकतोय तो. त्याच्याबरोबरच बघीन."

ऐकलंत बाईसाहेब! रसिकता रक्तात असावी लागते.

६ डिसेंबर

पुन्हा पुढे. पेटीचा करडा रंग मनासारखा उतरला नाही. बरोबरच आहे.

२१ जानेवारी

आली!!! जड आहे. कोपरे शाबूत. करडा रंग तर असा की थांबल्याचं चीज झालं. आईने पेटीवरून हात फिरवला, चारी बाजूंनी. "गुळगुळीत आहे रे," म्हणाली.

बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता लावा." असं कसं? खिडकीला जाड पडदा हवा, टीव्हीचा उजेड नेमका लावायला हवा. रविवारी. आता तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय!

२४ जानेवारी

बायको बाजारात गेली होती. आईला समोर बसवलं, डिस्क घातली. पहिलं पान आलं — रिकाम्या धक्क्याचा फोटो, खाली ‘सुरू करा’, ‘भाषा निवडा’, मागे संथ संगीत. तेवढ्यात दाणेवाल्याचा फोन. पुठ्ठा किती जाड, पुस्तिका कशी शिवलीय — आतल्या खोलीत बोलत बसलो, चांगला अर्धा तास.

बाहेर आलो तर पडद्यावर तेच पान. बटण दाबायचंच राहिलं होतं! बाई नाही, बोट नाही, नुसता धक्का. माझी चाहूल लागताच आईने डोळे पुसले आणि टीव्हीकडे तोंड करून म्हणाली, "हसली रे ती! काय स्वच्छ दिसतंय! बरं झालं थांबलो."