अजून एकदा धुऊन घेऊ

प्रिय लख्खोबा,

तुझं पत्र पोचलं. हे नाव वाचून कपाळाला आठ्या घालू नकोस. सरांच्या प्रयोगशाळेत तू धुतलेल्या काचनळ्या पुन्हा धुवायचास म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ते ठेवलं होतं, आणि मला अजून दुसरं सुचत नाही. एवढं लांबलचक पत्र, पण मुद्दा एकच: महिनाअखेरीपर्यंत तुझा दिवा लागला नाही तर संस्था तुझी प्रयोगशाळा काढून घेणार, तेव्हा मी काहीतरी मार्ग सांगावा. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव मी, हे मला मान्य आहे.

तुझं दुखणं मला पहिल्याच पानावर कळलं होतं. पण तू मला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलंस, आता तू चार परिच्छेद थांब. तू लिहितोस की फ्लास्कमध्ये तुझे पेरोव्हस्काइटचे, म्हणजे शिशाच्या क्षारांचे, नॅनोस्फटिक जांभळ्या दिव्याखाली असे हिरवे पेटतात की डोळे दिपावेत. तेच तसेच्या तसे थर देऊन दिव्यात घातले तर वीज आत शिरत नाही, कारण बनवताना घातलेलं तेलकट द्रव्य भोवती माखून बसलेलं असतं. म्हणून धुवायचं, आणि धुतलं की चमक गायब. मग तू काय केलंस? शिशाचं प्रमाण बदललंस, तापमान बदललंस, भट्टी बदललीस, दोन विद्यार्थी बदललेस. नाचता येईना अंगण वाकडं. एवढ्या हुशार माणसाला एकदाही वाटलं नाही की आपण धुतो कशाने ते जरा बघावं?

तुला कसं वाटेल म्हणा. गरगर फिरणारा सेंट्रिफ्यूज थांबला की तळाशी बसलेल्या गाळाकडे बघून तू दरवेळी तेच म्हणायचास, अजून एकदा धुऊन घेऊ. सर हसायचे, मीही हसायचे, कारण तेव्हा तुझं सगळंच मला गोड वाटायचं. मग एक दिवस जिन्यात उभं करून तू मला सांगितलंस की तुला आयुष्यात गुंतागुंत नको, सगळं कसं स्वच्छ हवं. दुसऱ्या दिवशी माझं सामान खोक्यात भरून आलं. कप घासलेला, पुस्तकांवरची धूळ पुसलेली, आणि तुझ्याकडे राहिलेला माझा स्वेटर धुऊन, इस्त्री करून. तो मी नाकाशी धरला तर नुसता साबण. तू सोडलंस त्याचं मी सोसलं असतं रे, माणसं सोडून जातातच. पण तू स्वेटर धुतलास, ते मला अजून सहन होत नाही. तुला हे वाचून हसू येत असेल तर खुशाल हस.

तुझी आई दर रविवारी मला फोन करते, हे तुला माहीत नसावं. काकूंनी माझ्याशी नातं तोडलं नाही, त्यांना तुझ्यासारखं हात झटकणं जमत नाही. गुडघे फार दुखतात त्यांचे, जिना उतरणं बंद झालंय. परवा रडत होत्या. म्हणाल्या, त्या प्रयोगशाळेशिवाय त्याला दुसरं काही नाही गं, ती गेली तर तो संपेल, तू काहीतरी कर. मी म्हटलं, बघते काकू. पुढे काय झालं ते त्यांना तूच सांग, माझी जीभ रेटणार नाही.

तर ऐक आता. तुझी चूक ॲसिटोन. झटपट काम होतं, गाळ पटकन खाली बसतो, काच लख्ख दिसते, म्हणून तुला ते आवडतं. पण त्या तेलकट द्रव्यातलं थोडं स्फटिकाच्या अंगाला घट्ट चिकटलेलं असतं, आणि त्याच्याच जिवावर तो चमकतो. ॲसिटोन जादाचं तेल नेतं आणि हे अंगावरचंही ओरबाडून नेतं. मग पृष्ठभाग उघडा पडतो, जागोजाग खड्डे पडतात, उजेड तिथेच मरतो. मिथाइल ॲसिटेट घ्यायचं, चांगलं कोरडं, म्हणजे पाण्याचा अंशही नसलेलं, बेताचं आणि एकदाच. थोडं तेल राहू द्यायचं. वीजही जाते, उजेडही टिकतो. तुझ्या मालात काडीचा दोष नव्हता. इतकी वर्षं तू उत्तम स्फटिक बनवत होतास आणि आपल्याच हातांनी मारत होतास.

हे मी इतक्या खात्रीने कसं सांगते? संस्थेच्या समितीने तुझ्याकडून न धुतलेली एक बाटली मागवली होती ना, बाहेरच्या परीक्षकासाठी? ज्याला धड चिमटा धरता येत नसेल अशा कुणा उपऱ्याकडे माझा माल गेला, असं तू पत्रात लिहिलंयस. तो उपरा मीच. तुझा माल मी माझ्या पद्धतीने धुतला, दिवा बनवला, आणि तो असा लागला की माझ्या प्रयोगशाळेतली मुलं काम सोडून बघायला आली. माझ्या हातून इतका चांगला स्फटिक कधी झाला नाही. मी अहवालात एक शब्दही खोटा लिहिला नाही. स्फटिक अव्वल आहेत, करणाऱ्याला हाताळता येत नाहीत, एवढंच लिहिलं. महिनाअखेरीची वाट न बघता समितीची बैठक कालच झाली. तुझी प्रयोगशाळा बंद होतेय आणि तुझं काम पुढे न्यायला माझ्याकडे येतंय. तुलाही घ्यायचं का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? संस्थेचं पत्र तुला दोन-चार दिवसांत येईल. मी आधी लिहितेय ते एवढ्यासाठी, की तुझ्या कपाटातल्या उरलेल्या बाटल्या न्यायला सोमवारी माझा माणूस येईल. तोवर त्यांना हात लावू नकोस, आणि कृपा करून धुऊ नकोस.

तुझीच,
चिमटी