परीटघडी

३ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या पायांची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत हल्ली फोन तपासतात म्हणून तू पत्रं लिहायला लागलीस, ते एका परीने बरंच झालं. तुझं कोंबडीच्या पायांचं अक्षर वाचायची सवय मोडली होती.

माझी बातमी अशी, की आम्ही जिंकलो! जिथे कोणीही कोणाबद्दल काहीही लिहायचं, त्या अ‍ॅपवर आता टोपणनाव चालणार नाही. एक एप्रिलपासून प्रत्येकाने ओळखपत्र दाखवायचं आणि खऱ्या नावानेच लिहायचं. जुन्या मजकुरावरसुद्धा खरं नाव लागणार. गेल्या वर्षी त्या ‘सत्यवचनी’ने मी परीक्षेचे पेपर फोडते असं लिहिलं, तेव्हा तीन महिने मी घराबाहेर पडले नव्हते, हे तुला माहीतच आहे. चौकशीत मी निर्दोष ठरले, पण किराणावाला अजून माझ्याकडे बघून गालात हसतो. म्हणूनच पायाला भिंगरी लावून दारोदार सह्या गोळा केल्या. तोंड लपवून चिखल फेकणाऱ्यांना आता पळता भुई थोडी होईल.

तू मात्र सहीचा कागद परत पाठवलाच नाहीस. आळशी कुठली! आईला नमस्कार.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

कागद आळसाने राहिला नाही, ताई. मी सही केलीच नाही.

त्या अ‍ॅपवर ‘परीटघडी’ नावाने कोणी लिहितं. हॉस्पिटलच्या मळक्या चादरींतून वापरलेल्या सुया कशा निघतात, जाड हातमोजे मागितले तर मॅनेजर कसा झुरळासारखं झटकून टाकतो, असलं सगळं. कदाचित तुझ्याही वाचनात आलं असेल. ती परीटघडी मीच. दीड वर्ष लिहितेय. दुसऱ्या हॉस्पिटलांतल्या बायकाही मला लिहून कळवतात, कोणाला कुठे सुई लागली ते.

तुमचा नियम आल्याबरोबर मी खातं पुसायला बसले. पुसायचं तरी ओळखपत्र द्या म्हणतात, आणि ते दिलं की आधी महिनाभर सगळ्यावर माझं नाव झळकणार. नाही दिलं, तर खातं गोठणार. लिहिलेलं तसंच राहणार, त्यातलं एक अक्षरही मला काढता येणार नाही.

आईचं डायलिसिस याच हॉस्पिटलात होतं, आठवड्यातून तीनदा, कर्मचाऱ्याच्या सवलतीत. माझी नोकरी म्हणजे आईची खाट. इकडे आड, तिकडे विहीर अशी गत झालीय. आईला यातलं काही ठाऊक नाही. ती तुझ्या विजयाची बातमी वॉर्डभर सांगत सुटलीय.

रागावू नकोस. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
चिंगी


१४ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चहा समोर गार झाला. आधी तुझाच राग आला. मी सह्यांसाठी उन्हातान्हात फिरत होते तेव्हा एका शब्दाने सांगितलं असतंस, तर? मग वाटलं, सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं का? खरं सांगते, नसतं ऐकलं. परीटघडी वेगळी आणि तो चिखलफेक्या वेगळा, एवढं डोकं तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

आता माझी फजिती ऐक. ‘सत्यवचनी’ने मुदतीआधीच आपलं नाव लावलं. आमच्याच शाळेतले चित्रकलेचे सर निघाले! मी घरात कोंडून घेतलं होतं तेव्हा दर रविवारी फळं घेऊन येणारे, तेच. मला वाटलं होतं, नाव उघडं पडलं की माणूस शरमेने मान खाली घालेल. त्यांनी उलट लिहिलं, की मी आता नावानिशी सांगतो, जे म्हटलं ते खरंच आहे. तीनशे लोकांनी त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची माझ्या समोर आहे. रोज सहा तास आम्ही एका टेबलावर वह्या तपासतो आणि ते मला खोडरबर मागतात.

तू काही करू नकोस. खातं गोठू दे. मूग गिळून गप्प बस. माझ्यासाठी नाही, आईसाठी.

जीव लावून असलेली,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

गप्पच बसणार होते. पण मागे मी एका सुई लागलेल्या बोटाचा फोटो टाकला होता. बोट आमच्या इस्त्रीवाल्या मावशींचं. नखाजवळच्या जुन्या भाजल्याच्या डागावरून मॅनेजरने ते ओळखलं आणि परीटघडी त्याच, असं ठरवून त्यांना कामावरून थांबवलं. मावशींना माझं गुपित पहिल्यापासून माहीत होतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. डबा उचलला, चपला घातल्या आणि गेल्या.

दोन दिवस मी चादरींच्या घड्या घालत होते, पण एकही सरळ पडेना. तिसऱ्या दिवशी ओळखपत्र दिलं. तासाभरात सगळ्यावर माझं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट.

मॅनेजरने बोलावलं. ओरडला नाही, हेच वाईट. चहा मागवला, आईची चौकशी केली. मग एक कागद पुढे सरकवला. मी लिहिलेलं सगळं खोटं होतं, वैयक्तिक आकसाने लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही, असं त्यात आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत सही केली तर मावशी परत येतील, माझी नोकरी राहील आणि आईची खाटही. हे सगळं त्याने अगदी मायेने समजावून सांगितलं.

बायकांनी मला कळवणं बंद केलंय. त्यांनाही आता एक तारखेपासून नाव द्यावं लागणार ना.

आशीर्वाद असू दे.

चिंगी


२६ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

सही करू नकोस. तुझं पत्र आल्यापासून मी इथलं एकेक डायलिसिस केंद्र पालथं घातलं. बसस्थानकामागच्या केंद्रात एक जागा निघतेय, सकाळची. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. आई माझ्याकडे राहील. तुझी इथली खोली झाडून ठेवलीय, मन लागलं नाही तर तूही ये. मावशींसाठी काय करायचं ते आपण दोघी मिळून बघू.

हा नियम आणायला दारोदार फिरलेली मी. त्यात तू अडकलीस, तर सोडवायलाही मलाच यायला हवं. पुढच्या शनिवारी, दोन एप्रिलला दुपारी पोचते. फोन करत होते, तुझा बंद लागतो. तोवर काहीही सांगून वेळ काढ.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. मी काल सही केली.

काल आईची पाळी होती. आम्ही गेलो तर खिडकीतली मुलगी म्हणाली, की यादीत नाव नाही, लाँड्रीतून कागद आला की नाव चढेल. आई बाकावर बसून होती. तिला धाप लागली होती आणि ती मला विचारत होती, की आज एवढा उशीर का. मी खाली गेले, सही केली, वर आले. पाच मिनिटांत खाट मिळाली.

मावशी आज कामावर आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावून नव्हे, माझ्याशी बोलताना कोणी बघेल म्हणून. हातमोजेही आले, एक खोका भरून. म्हणजे सुया होत्या, हे हॉस्पिटलवाल्यांनाही माहीत होतं.

तू ये. आईला घेऊन जा. ती तिकडे सुरक्षित असली की मी इथून काय करायचं ते ठरवीन.

पण तुझी गाठ दारातच त्या कागदाशी पडेल, म्हणून आधीच सांगते. त्यांनी तो लाँड्रीच्या दारावर चिकटवलाय. दीड वर्ष खोट्या नावाने लिहिलं, त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. खऱ्या नावाने मी स्वतः सही करून दिलेला जगात एवढा एकच कागद आहे. दिवसातून आठ-दहा वेळा त्याच्यासमोरून गाडा ढकलत जाते, आणि नव्या आलेल्या बायका तो वाचायला थांबतात.

तुझी,
चिंगी